गाडीतच मुक्काम करून जंगल बघायला निघालाय? मग या चुका टाळा

फाल्गुन लागला की कोल्हापुरात उद्यमनगरातल्या माझ्या शेडसमोर ओम्नी, ईको, कधी एखादी जुनी ट्रॅव्हलर येऊन थांबते. नवरा-बायको दोघंही उतरतात. मागची सीट काढून झोपायची सोय, एक पंखा, छोटा फ्रीज, चार लाइटी. "दाजीपूरला चाललोय काका, चार दिवस, दोघंच." ऐकून बरं वाटतं. मग पुढच्या सोमवारी त्यातलीच एखादी गाडी टोचन लावून परत येते आणि बरोबरच्या बाईसाहेब गाडीच्या उलट दिशेला तोंड करून उभ्या असतात.

मी गाड्यांचं वायरिंग करतो. आणि बारा वर्षं झाली, दर वसंतात मी आणि आमची ही असेच गाडी घेऊन राधानगरीच्या बाजूला जातो. त्यामुळे खाली लिहिलेल्या चुकांपैकी बऱ्याचशा आमच्याच आहेत.

गाडीच्या बॅटरीवर संसार

ही चूक मी इतक्या वेळा बघितलीय की आता बॉनेट उघडायच्या आधीच सांगतो. इंजिन चालू करायला जी बॅटरी असते, तिच्यावरच फ्रीज, पंखा, मोबाइल, सगळं. लायटरच्या सॉकेटमध्ये पिन खुपसली की झालं, असं कुठल्यातरी व्हिडिओत बघितलेलं असतं.

पहिल्या वर्षी मीही तेच केलं. स्वतः वायरमन असून! राधानगरीच्या पुढे, अभयारण्याच्या हद्दीबाहेर, एका शेतकऱ्याला विचारून त्याच्या खळ्यावर गाडी लावली होती. पाडव्याचं श्रीखंड फ्रीजमध्ये, म्हणून फ्रीज रात्रभर चालू. हिशोब साधा आहे. असला फ्रीज चालू असताना चार-एक ॲम्पिअर ओढतो, चालू-बंद धरून सरासरी दोन. पंख्याचा एक. दहा तासांत तीस ॲम्पिअर-तास गेले. बॅटरी होती पस्तीस ॲम्पिअर-तासांची. दुकानात गिऱ्हाइकाला मी हाच हिशोब पाटीवर मांडून दाखवायचो.

पहाटे साडेपाचला सेल्फ मारला. टक्. परत मारला. टक्. आणि ही म्हणाली, "अहो, समोर बघा."

खळ्याच्या पलीकडच्या बांधावर गवे. सहा मोजले, धुक्यात मागे आणखी असतील. काळ्याभोर अंगाला गुडघ्यापर्यंत पांढरे मोजे. त्यातला एक नर कळपातून निघून पुढे आला आणि आमच्याकडे तोंड न करता आडवा उभा राहिला. मला वाटलं, चरतोय. आडवा उभा राहून पाठीचा उंचवटा दाखवणं म्हणजे "माझा आकार नीट बघून घे" हा इशारा असतो, हे मला नंतर एका वनरक्षकाने सांगितलं. टनाच्या घरातलं जनावर, आणि मी पुन्हा चावी फिरवायला गेलो. हिने चावी काढून घेतली आणि पदराला बांधली. "आता गप बसायचं."

सव्वा तास बसलो. तो नर दोनदा फुसफुसला, मग मान खाली घालून चरायला लागला. एक वासरू आईच्या पोटाखालून इकडे बघत होतं. ऊन बांधावर आल्यावर सगळे एका रांगेत झाडीत गेले. मग शेतकऱ्याने ट्रॅक्टर आणला, जंपर केबल लावून गाडी चालू केली. फ्रीज रात्रीतच कधीतरी बंद पडला होता, तरी श्रीखंड आम्ही त्याच्या घरी बसून खाल्लं. अजून तोंडात चव आहे.

उपाय काय, तर दुसरी बॅटरी. मधे असा रिले, की इंजिन बंद झालं की दोन्ही बॅटऱ्या आपोआप वेगळ्या होतात. दुसऱ्या बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज, कारण वायर घासून शॉर्ट झाली तर आग लागते आणि तुम्ही त्याच गाडीत झोपलेले असता. लिथियम बॅटरी घेणार असाल तर ती थेट अल्टरनेटरला, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी भरणाऱ्या जनित्राला, जोडू नका. ती भसाभसा करंट ओढते, अल्टरनेटर तापून बसतो. मधे करंट मापात सोडणारा डीसी-डीसी चार्जर लागतो. तो नको म्हणणारं गिऱ्हाईक मी परत पाठवतो. आणि डॅशबोर्डवर एक छोटा व्होल्टमीटर: साधी बॅटरी भरलेली असेल तर १२.६ दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी संपली, फ्रीज बंद करा. धक्का मारू म्हणाल, तर आताच्या इंजेक्शनच्या गाड्या बॅटरी पार मेल्यावर धक्क्याला दाद देत नाहीत. पेट्रोलचा पंपच फिरत नाही.

खरं सांगायचं तर आम्ही आता फ्रीज नेतच नाही. ओलं फडकं गुंडाळलेला लहान माठ, भडंग, धपाटे, खर्डा. चार दिवस सहज निघतात.

गवा दिसला की हॉर्न

का वाजवता? त्याने तोंड इकडे वळवावं म्हणून? खाली उतरून फोटो काढणाऱ्यांबद्दल तर मी बोलणंच सोडलंय. २०२० च्या डिसेंबरात पुण्यात कोथरूडला एक गवा वाट चुकून आला होता. लोकांनी पळवून पळवून दमवलं आणि त्याच दिवशी तो मेला. कोल्हापूरकरांनी तरी गव्याशी असं वागू नये. १९५८ साली दाजीपूरचं अभयारण्य झालं ते गव्यासाठी. पुढे १९८५ मध्ये ते वाढवून राधानगरी अभयारण्य झालं, ३५१ चौरस किलोमीटरचं, आणि आपण त्याला अजून 'गव्याचं जंगल' म्हणूनच ओळखतो. इंजिन बंद, काच वर, तोंड बंद. एकटा नर असेल तर आणखी लांब राहा.

अंधारात पोचणं आणि वर न बघणं

ही माझी दुसरी आवडती चूक. यात बॅटरीचा संबंध नाही, घाईचा आहे.

वसंतातलं सगळ्यात भारी ठिकाण कुठलं विचाराल तर फुललेली काटेसावर. पान एक नाही, नुसती लाल फुलं, आणि सकाळी तिथे अख्खी बाजारपेठ भरते: बुलबुल, साळुंक्या, कोतवाल, पोपट, मधेच एखादं शेकरू. खाली पडलेली मांसल फुलं खायला जनावरं येतात. लांबून तांबटाचं टुक-टुक-टुक चालू. ही तिथे खुर्ची टाकून तीन तास बसते आणि मला चहा करायला लावते.

तर एका वर्षी कोल्हापुरातून निघायलाच चार वाजले, आणि त्याला कारण मी. पोचलो तेव्हा मिट्ट अंधार. ओळखीच्या माणसाच्या शेतात एक उंच झाड दिसलं, गाडी खाली लावली, मागचं दार उघडलं आणि पांढरी एलईडी पट्टी लावली. कांदा चिरायला घेतला. एक माशी आली. मग तीन. मग ताटावर टप टप पडायला लागल्या, आणि हिने लाइटकडे बोट दाखवलं. पट्टीवर पंधरा-वीस मोठ्या माश्या घोंगावत होत्या. आग्या!

आग्या मोहोळ उंच फांदीला उघड्यावर लटकतं, आणि एका झाडावर एकच असेल असंही नाही. सकाळी जाऊन बघितलं तर त्या सावरीवर सात. या माश्या रात्रीसुद्धा उजेडाकडे येतात, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. आम्ही लाइट बंद केली, दार हळू लावलं, काच वर घेतली आणि हेडलाइट न लावता पार्किंगच्या उजेडात चालण्याच्या वेगाने गाडी बाहेर काढली. मला दोन डंख, हिला एकही नाही. गॅस पेटवायचा राहिला होता म्हणून थोडक्यात निभावलं. फोडणीचा धूर वर गेला असता तर हे लिहायला मी नसतो.

तेव्हापासून आमचा नियम: सूर्यास्ताच्या तासभर आधी जागेवर. गाडी लावायच्या आधी दोघांनीही उतरून झाडाभोवती एक फेरी मारायची, मान वर करून. मोहोळ दिसलं तर तिथे थांबायचंच नाही. फळांनी लगडलेला उंबर असेल तरी नको, त्याच्याखाली रात्री अस्वल येऊ शकतं. मुक्कामाला आत पिवळा मंद दिवा पुरतो. सेंट, अत्तर घरी ठेवा.

रस्सा मंडळ जंगलात नेणं

आपल्याकडे चार माणसं जमली की मटण शिजतं, मलाही आवडतं. पण चैत्रात जंगलाच्या कडेला गवत वाळून कोळ झालेलं असतं. तीन दगडांची चूल, एक ठिणगी, वाऱ्याची झुळूक, आणि वणवा तुमच्या आटोक्यात राहत नाही. अभयारण्यात असा जाळ करणं हा १९७२ च्या कायद्याप्रमाणे गुन्हाही आहे. तांबडा-पांढरा घरी येऊन करा, घाई कसली आहे?

बाकीच्या भराभर सांगतो.

अभयारण्याच्या आत वाटेल तिथे गाडी लावून झोपता येत नाही. दिवसा परवानगी काढून, वाटाड्या घेऊन आत जायचं, मुक्काम बाहेर गावात, मालकाला विचारून.

टपावर दोनशे लिटरची पाण्याची टाकी ठेवू नका. ते दोनशे किलो वजन आहे, आणि करूळ घाटाच्या वळणावर ते तुमच्याआधी वळतं.

फोंडा घाट उतरताना डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्याला मी गाडीच देणार नाही. ज्या गिअरमध्ये चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा.

पहाटे थंडी वाजते म्हणून बंद गाडीत कोळशाची शेगडी? कधीच नाही. कोळशातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. जास्तीची गोधडी घ्या आणि काच दोन बोटं उघडी ठेवा.

पालापाचोळ्यात बसू नका, गोचिडांचे दिवस असतात. शेजारच्या दोडामार्ग भागात गोचिडांतून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण सापडलेले आहेत. पँट मोज्यात खोचा, संध्याकाळी एकमेकांची मान आणि कानामागे बघा. यासाठी तरी जोडीने जावं.

मार्चमध्ये काजवे विचारू नका. ते पावसाच्या तोंडावर, मे संपता संपता.

चैत्र पौर्णिमेला पन्हाळ्याकडे गाडी घालू नका. जोतिबाची यात्रा असते. गुलालात न्हायचं असेल तर चालत जा.

चार दिवसांत राधानगरी, गगनबावडा, आंबोली आणि चांदोली असा बेत बहुतेक वेळा नवऱ्याचा असतो. एकच जागा धरा.

सीट काढून पलंग कायमचा ठोकायचा असेल तर आधी आरटीओत विचारा. मी घडीचाच बसवून देतो.

आणि कृपा करून शुक्रवारी संध्याकाळी सहाला येऊन "काका, पहाटे निघायचंय, तेवढं जोडून द्या" म्हणू नका. शेड सातला बंद होते आणि वायरिंगला मला दोन दिवस लागतात.