केमोचा पहिला दिवस: आदल्या दिवसापासून ताप येण्याच्या दिवसांपर्यंत

पहिल्या केमोची, म्हणजे कॅन्सरवरच्या औषधाच्या पहिल्या डोसची, निम्मी तयारी आदल्या दिवशीच करायची असते. ती राहिली, तर पेडणे किंवा काणकोणहून पहाटे निघून बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज गाठलेल्या माणसालाही सुई न लावता परत पाठवावं लागतं. कारण बहुतेक वेळा एकच, ताजा रक्ताचा रिपोर्ट नसणे. सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) आणि लिव्हरच्या तपासण्या साधारण एक ते तीन दिवस आधीच्या लागतात. न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) १५०० च्या किंवा प्लेटलेट १ लाखाच्या खाली असतील, तर डॉक्टर अनेकदा डोस पुढे ढकलतात. जवळच्या लॅबमध्ये दोन दिवस आधी रक्त द्या आणि रिपोर्ट हातात घेऊनच निघा.

फाईलमध्ये बायोप्सीचा कागद, स्कॅन, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या, आधार कार्ड आणि गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड ठेवा. योजनेची मंजुरी आली आहे का, हे आदल्या दिवशीच विचारून घ्या. गावठी औषध, काढा, पाळामुळांचा रस असं काही घेत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. लाजून लपवलं तर त्रास तुम्हालाच होतो, कारण काही वनस्पतींमुळे केमोच्या औषधाचा शरीरातला हिशेब बदलतो.

डोसेटॅक्सेल हे केमोचं औषध द्यायचं असेल, तर डेक्सामेथासोन या स्टिरॉइडच्या गोळ्या आदल्या दिवसापासूनच सुरू होतात. ही गोष्ट हमखास विसरली जाते. घेतल्या नसतील तर सुई लागण्याआधी सिस्टरना सांगा.

सकाळी उपाशी जाऊ नका. उकड्या तांदळाची पेज, इडली किंवा मऊ भात चालेल. तळलेलं आणि मसालेदार त्या दिवशी नको. मधुमेह असेल तर नेहमीच्या गोळ्या किंवा इन्सुलिनचं काय करायचं, ते आधी विचारा. डेक्सामेथासोनमुळे साखर चढते आणि रात्री झोपही उडते. कपडे सैल, बाह्या कोपरापर्यंत सहज वर जाणाऱ्या. वॉर्डात एसी असतो, म्हणून एक शाल घ्या. अंगठ्या, बांगड्या घरी ठेवा आणि नखांचा रंग काढा, कारण बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र त्यावरून नीट वाचत नाही. सोबत एक माणूस हवाच. उलटी आणि ॲलर्जीच्या औषधांनी गुंगी येते, तेव्हा स्कूटर चालवत घरी जाणं नको.

पोचल्यावर वजन आणि उंची मोजतात. डोस त्यावरूनच ठरतो, म्हणून मागच्या महिन्याचं वजन तोंडी सांगू नका. मग संमतीपत्र, मग हाताच्या पुढच्या भागातल्या शिरेत सुई. छातीत पोर्ट (कातडीखालची, शिरेला जोडलेली छोटी डबी) बसवला असेल तर सुई तिथे लावतात. शीर सहज सापडत नसेल तर आदल्या दिवसापासून पाणी भरपूर प्या आणि सुईआधी हात कोमट पाण्यात धरा.

केमोचं औषध लगेच लावत नाहीत. आधी ओंडान्सेट्रॉनसारखं उलटी थांबवणारं, डेक्सामेथासोन आणि गरजेप्रमाणे ॲलर्जीचं इंजेक्शन देतात. सिसप्लॅटिन असेल तर आधी आणि नंतर सलाईनच्या बाटल्या चढवतात, कारण ते औषध किडनीला त्रास देतं. त्यात बराच वेळ जातो. लघवी किती झाली, याकडे लक्ष ठेवा. पॅक्लिटॅक्सेलचा तीन आठवड्यांतून एकदा दिला जाणारा डोस साधारण तीन तास चालतो.

आता सगळ्यांत महत्त्वाचं. आपल्याकडे सोसणाऱ्या माणसाचं कौतुक होतं, पण केमोच्या खुर्चीत सोसू नका. सुईच्या जागी आग, दुखणं, सूज किंवा ताण जाणवला तर त्याच क्षणी सिस्टरना हाक मारा. डॉक्सोरुबिसिनसारखं लाल औषध शिरेबाहेर गेलं तर तिथली कातडी आणि मांस खराब होतं. पॅक्लिटॅक्सेलची ॲलर्जी बहुधा पहिल्या दहा मिनिटांत दिसते: छाती जड होते, चेहरा लालबुंद होतो, पाठ दुखते, श्वास अडखळतो, अंगाला खाज सुटते. वेळेत कळलं तर बाटली थांबवून औषध देतात, आणि बऱ्याच जणांना पुन्हा सावकाश सुरूही करता येतं. "सिस्टर कामात आहेत, नंतर सांगू" असं करू नका.

डॉक्सोरुबिसिननंतर लघवी एक-दोन दिवस लाल होते, ते रक्त नव्हे. ऑक्झालिप्लॅटिननंतर काही दिवस फ्रीजमधलं पाणी, बर्फ, गार सोलकढी टाळा. गार वस्तूला हात लागला तरी मुंग्या येतात आणि गार पाण्याने घसा आवळल्यासारखा वाटतो. गोव्याच्या उन्हाळ्यात हे जड जातं, पण साधं किंवा कोमट पाणीच प्या.

घरी आल्यावर ४८ तास लघवी, शौच आणि उलटीत औषध उतरतं. संडासाचं झाकण लावून दोनदा फ्लश करा. झाकण नसेल तर पाणी सावकाश ओता, शिंतोडे उडू देऊ नका. पुरुषांनी बसूनच लघवी करावी. माखलेले कपडे घरच्यांनी ग्लोव्हज घालून वेगळे धुवावेत. पोरांना जवळ घ्यायला, एका ताटात जेवायला हरकत नाही.

उलटीची गोळी घ्यायला मळमळ वाढेपर्यंत थांबू नका, चिठ्ठीतल्या वेळेला घ्या. ओंडान्सेट्रॉनने पोट घट्ट होतं, म्हणून दुसऱ्या दिवशीही शौच झालं नाही तर डॉक्टरांना विचारून औषध घ्या. एक लिटर पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खाण्याचा सोडा घालून दिवसातून चार-पाच वेळा चुळा भरा, ब्रश मऊ वापरा. मासे खायला हरकत नाही, पण तिसऱ्या, कालवं असे शिंपले पूर्ण शिजलेले हवेत. रस्त्यावरचा रस आणि कापून ठेवलेली फळं नकोत.

घरात थर्मामीटर आणा, तो आजच. पांढऱ्या पेशी साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात सर्वांत कमी होतात. त्या काळात ताप १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सियस झाला, तर तो पावसाळ्यातला साधा ताप समजून पॅरासिटामोल घेऊन झोपू नका. गोळीने ताप उतरतो, पण जंतू वाढतच राहतो, आणि शिरेतून अँटिबायोटिक मिळायला उशीर होतो. रात्र असो की सुट्टी, लगेच हॉस्पिटल गाठा; गाडी नसेल तर ॲम्ब्युलन्ससाठी १०८ ला फोन करा. फाईल सोबत घ्या आणि कॅज्युअल्टीच्या दारातच सांगा: केमो चालू आहे, आज दहावा दिवस आहे, ताप आहे.