मौरी म्हणजे मोहरी नव्हे: बंगाली स्वयंपाकात आपल्या हातून होणाऱ्या चुका

दक्षिण कोलकात्यात भाड्याने राहत होते, तेव्हा पहिल्याच पावसाळ्यात मी शोर्षे इलिश करायला घेतलं. शोर्षे म्हणजे मोहरी आणि इलिश म्हणजे हिलसा, महागाचा मासा. मोहरी मिक्सरला लावून चांगली पाच मिनिटं फिरवली, वाटण तेल सुटेपर्यंत परतलं, मग तुकडे सोडले. शेजारच्या काकिमांना कौतुकाने वाटी नेऊन दिली. त्यांनी रश्शात बोट बुडवून चाटलं आणि म्हणाल्या, "एकेबारे तेतो!" तेतो म्हणजे कडू. अगदी कडूजहर.

वाटण तेल सुटेपर्यंत परतायचं हे आपल्या हातात इतकं मुरलेलं असतं की थांबून विचार करायचं सुचतच नाही. बंगाली पदार्थ बिघडतात ते बहुतेक अशा सवयींमुळेच.

मोहरी: तडतडवू नका, फेसा

आपल्याला हे खरं तर माहीत आहे. लोणच्यासाठी आजी मोहरी फेसायची, थोडंथोडं पाणी घालून, नाकात झणका जाईपर्यंत. शोर्षेचं वाटण हे त्याचंच भावंड. मोहरीच्या दाण्यात झणका आयता नसतो. दाणा फुटून पाणी लागलं की आतलं एक विकर (एन्झाइम) कामाला लागतं आणि तो तयार होतो. उष्णतेने हे विकर मरतं. म्हणून फोडणीतली मोहरी खमंग लागते, पण नाकात जात नाही. आणि म्हणूनच मोहरी गरम पाण्यात भिजवली किंवा मिक्सर तापेपर्यंत फिरवली, की झणका उडतो आणि कडवटपणा तेवढा मागे राहतो.

अर्धा किलो माशाला दोन मोठे चमचे पिवळी मोहरी आणि एक चमचा काळी घ्या. नुसती काळी घेतली तर कडू होण्याची भीती जास्त. थंड पाण्यात वीस मिनिटं भिजवा, मग मीठ आणि दोन हिरव्या मिरच्या घालून, थांबून थांबून वाटा. बारीक गाळणीतून गाळून सालं टाकून द्या, कारण कडवटपणा बराचसा सालात असतो. आपल्या वाण्याकडे लोणच्यासाठी मोहरीची डाळ मिळते, तिला साल नसतं. निम्मी डाळ घेतली तर गाळण्याची कटकटही कमी होते. तरीही कडवट वाटलं तर थोडी वाटलेली खसखस मिसळा, बंगाली घरांतही तेच करतात.

हे वाटण परतायचं नाही. पाण्यात कालवून कढईत ओतायचं, वर मासा, चिरलेल्या मिरच्या, हळद, मीठ, सात-आठ मिनिटं मंद आच, आणि शेवटी कच्च्या मोहरीच्या तेलाची धार. त्याहून सोपं म्हणजे भापा: सगळं स्टीलच्या डब्यात भरायचं, झाकण घट्ट लावायचं आणि पंधरा मिनिटं वाफवायचं. कांदा, लसूण, टोमॅटो, कोथिंबीर यांतलं काहीही नको. इलिश मिळाला नाही तर पापलेट घ्या, कोलकात्यातही मोहरीतलं पापलेट आवडीने खातात.

नावांनी फसू नका

बंगाली नावं आपल्या कानाला ओळखीची वाटतात, आणि घोळ होतो तो तिथेच.

मौरी म्हणजे मोहरी नव्हे, बडीशेप. मोहरी म्हणजे शोर्षे. कालो जिरे म्हटलं की आपण शहाजिऱ्याचा डबा उघडतो, पण त्यांना हवी असते कलौंजी, जिला आपल्याकडे बरेच जण उगाच कांद्याचं बी म्हणतात. छोलार डालमध्ये छोले नसतात, ती हरभऱ्याची डाळ: खोबऱ्याचे तुकडे, मनुका, तमालपत्र, हिंग आणि तुपाची. मोचा म्हणजे केळफूल, आणि ते साफ करताना प्रत्येक फुलातला कडक दांडा आणि पारदर्शक पापुद्रा काढावा लागतो हे आपल्याकडच्या बायकांना सांगायला नको. चिंगडी मलाई करीत मलाई शोधू नका, तिथे नारळाचं दूध असतं. कोकणातला हात मात्र इथे आमसुलाकडे वळतो. तो आवरा.

पाँच फोरोन या फोडणीच्या मिश्रणात मेथी, कलौंजी, जिरे, बडीशेप आणि राधुनी. राधुनी दिसते ओव्यासारखी, म्हणून लोक ओवा घालतात आणि सगळ्या भाजीला ओव्याचाच वास मारतो. राधुनी नसेल तर मोहरी घाला, बंगालबाहेर सर्रास तेच चालतं. मिश्रण अख्खं वापरायचं, आणि मेथी इतरांहून थोडी कमी.

गरम मसाला म्हणजे दालचिनी, वेलची, लवंग. एवढंच. तो शेवटी तुपाबरोबर घालतात. गोडा मसाला, धणे-जिरे पूड आणि सुक्या खोबऱ्याचं वाटण यांना त्या दिवशी सुट्टी द्या.

तेल तापलं, आता थांबा

फोडणीत मोहरीचं तेल कच्चं राहिलं की उग्र लागतं. ते धूर निघेपर्यंत आणि त्याचा गडद पिवळा रंग फिका पडेपर्यंत तापवायचं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. चूक होते ती पुढच्याच क्षणी. धुरकटलेल्या तेलात पाँच फोरोन पडलं की मेथी काळी होते आणि पदार्थ तिथेच गेला. गॅस बंद करून मिनिटभर थांबा, मग फोडणी. आपल्याला मोहरीची तडतड ऐकून पुढची पायरी कळते. इथे कान उपयोगाचे नाहीत, मेथीवर नजर ठेवा. ती बदामी झाली की लगेच भाजी.

नदीचा मासा, म्हणजे रुई किंवा कातला, रश्शात कच्चा सोडत नाहीत. हळद-मीठ चोळून आधी तळतात. तुकडा कढईला चिकटून फाटत असेल तर तेल पुरेसं तापलेलं नाही किंवा मासा ओला आहे. पुसून घ्या, आणि एक बाजू सुटेपर्यंत झाऱ्याने डिवचू नका. इलिश मात्र जेमतेम तळायचा, नाहीतर त्याची सगळी चरबी कढईतच राहते.

आलू पोस्तोत हळद नको

पोस्तो म्हणजे खसखस. बीरभूम, बांकुडा, बर्धमान या राढ भागाचं हे रोजचं सुख, उन्हाळ्यात बिउलीच्या, म्हणजे उडदाच्या, डाळीबरोबर. आपण खसखस भाजून खोबऱ्याबरोबर वाटतो. इथे ती भाजायची नाही. कोमट पाण्यात अर्धा तास भिजवायची आणि एक-दोन हिरव्या मिरच्यांबरोबर वाटायची. मिक्सरच्या मोठ्या भांड्यात थोडीशी खसखस नुसती भिंतीला चिकटून फिरत राहते. तेव्हा आधी चटणीच्या भांड्यात कोरडीच दळा, मग त्यात पाणी घालून भिजू द्या. चार बटाट्यांना पन्नास ग्रॅम पुरते. फोडणी कलौंजीची. रंग पांढरटच राहिला पाहिजे. माझ्या घरी पहिल्यांदा केली तेव्हा "हळद विसरलीस का?" असं दोघांनी विचारलं होतं.

दुबईला राहणाऱ्या बहिणीसाठी खसखस बॅगेत टाकणार असाल तर मुळीच टाकू नका. तिथे तिला बंदी आहे.

रोशोगोल्ला कडक का होतो?

आपल्याकडे हे सगळ्यांत जास्त बिघडतं आणि कारण बहुधा एकच असतं: म्हशीचं दूध. खव्याला आणि बासुंदीला ते सोन्यासारखं, पण छेना, म्हणजे दूध फाडून काढलेला चोथा, त्याचा घट्ट आणि चिवट होतो. गाईचंच दूध घ्या. बागबाजारच्या नवीनचंद्र दास यांनी 1868 मध्ये हा मऊ, स्पंजसारखा प्रकार रूढ केला असं बंगालमध्ये मानतात. 2017 मध्ये 'बांग्लार रोशोगोल्ला'ला भौगोलिक निर्देशांक मिळाला, 2019 मध्ये ओडिशाच्या रसगोल्यालाही. भांडण अजून मिटलेलं नाही, त्यात आपण न पडलेलं बरं.

दूध उकळलं की गॅस बंद करा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. खळखळत्या दुधात लिंबू पिळलं की छेना रबरी होतो. लिंबाच्या रसात तितकंच पाणी मिसळून चमच्या-चमच्याने घाला. पाणी हिरवट, नितळ झालं की तिथेच थांबा आणि थंड पाणी ओता. फडक्यात धुऊन आंबटपणा घालवा, अर्धा-पाऊण तास टांगा. वर वजन ठेवलं तर ते पनीर झालं. दाबल्यावर पाणी गळू नये, पण हाताला ओलावा लागावा, इतपत हवं.

मग तळहाताच्या टाचेने आठ-दहा मिनिटं मळा. तळवा किंचित तुपकट झाला की पुरे. गोळ्यावर चीर राहिली तर ती पाकात उकलते. गोळ्या लहानच वळा, शिजल्यावर जवळपास दुप्पट होतात.

दुसरी मोठी चूक पाकाची. गुलाबजामची सवय असल्याने आपण एकतारी पाक करतो. त्यात गोळी फुगतच नाही. इथे पाक म्हणजे जवळजवळ साखरेचं पाणी: दीड वाटी साखरेला पाच वाट्या पाणी. ते खळखळत असताना गोळ्या सोडायच्या, झाकण ठेवायचं, पंधरा मिनिटं आच मोठी. पातेलं रुंद हवं. पाहायचं असेल तर एक गोळा पेल्यातल्या पाण्यात टाका, तळाला गेला तर झाला.

पाकात गोळे विरघळले तर छेन्यात पाणी जास्त राहिलं किंवा मळणं कमी पडलं. बाहेर काढल्यावर चपटे झाले तर बहुतेक आच मंद होती किंवा शिजवणं कमी पडलं. दातांत चिवट लागले तर दुधाकडे बोट दाखवा.

पायेश आणि नोलेन गूर

पायेश म्हणजे तांदळाची खीर. तांदूळ पूर्ण शिजण्याआधी साखर घातली की कण टणकच राहतो, मग तासभर आटवा. गोबिंदोभोग तांदूळ नसेल तर आपला आंबेमोहर चांगला चालतो. हिवाळ्यात खजुरीच्या रसाचा नोलेन गूर मिळाला तर नशीब समजा, पण उकळत्या दुधात गूळ पडला की दूध फाटतं. गॅस बंद करून दूध जरा निवलं की मग ढवळा.

पानात सगळं एकदम वाढू नका

डावीकडे चटणी, उजवीकडे भाजी ही आपली रीत. बंगाली जेवण क्रमाने चालतं: आधी कारल्याची शुक्तो, मग डाळ आणि भाजा, म्हणजे तळण, मग भाज्या, मासे, मटण, आणि त्यानंतर चटणी. ही चटणी शिजवलेली, गोड, टोमॅटोची किंवा कैरीची. मी पहिल्या पंगतीत ती डाळभाताबरोबरच चाटून संपवली होती. सगळे बघत होते, कुणी काही बोललं नाही. बिनबोलता पुन्हा वाढली, तीही अर्ध्या तासाने.

आणि इलिश तळल्यावर कढईत उरलेलं तेल दुसऱ्या दिवशीच्या फोडणीसाठी वाटीत काढून ठेवू नका. मासे रश्शात असतानाच ताटात गरम भात घ्या, त्यावर ते तेल, मीठ आणि एक हिरवी मिरची मोडून. काकिमांच्या घरी सगळ्यांत आधी संपायचं ते हेच.