उकळणे, विरजणे, आटवणे: दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी काय पाहावे?

मुलाला गायीच्या दुधाची ॲलर्जी आहे असे कळल्यावर सातारा-सांगलीकडच्या बहुतेक घरांतून पहिला प्रश्न येतो तो असा की, दूध चांगले उकळून दिले तर चालेल का? याचे उत्तर ‘नाही’ असेच धरून चालावे. लॅक्टोज ही दुधातील साखर न पचणे हा वेगळा त्रास आहे. ॲलर्जीत प्रतिकारशक्ती दुधातील प्रथिनांवर उलटते आणि म्हणूनच लॅक्टोजमुक्त दूधही अशा मुलाच्या उपयोगाचे नाही.

गायीच्या दुधातील प्रथिनांत सुमारे 80 टक्के केसीन आणि 20 टक्के व्हे प्रथिने (दूध फाटल्यावर निवळीत राहणारी) असतात. उष्णतेने व्हे प्रथिनांची, विशेषतः बीटा-लॅक्टोग्लोब्युलिनची, घडी मोडते. केसीन मात्र उकळीतही बऱ्याच अंशी तसेच राहते. डेअरीतील 72 अंश सेल्सिअसवर 15 सेकंदांचे पाश्चरायझेशन रोगजंतू मारण्यासाठी असते, ॲलर्जी टाळण्यासाठी नव्हे. म्हणून धारोष्ण दूध ‘नैसर्गिक’ समजून देणे तर दुहेरी धोक्याचे आहे. दही-ताकात विरजणाचे जिवाणू थोडी प्रथिने तोडतात, पण तेवढ्याने ते सुरक्षित होत नाही. म्हशीच्या आणि शेळीच्या दुधातील प्रथिने गायीच्या दुधाशी इतकी मिळतीजुळती असतात की बहुतेक मुलांना तीही बाधतात.

सर्वाधिक गैरसमज खव्याबाबत आढळतो. साताऱ्याचे कंदी पेढे तासन्‌तास आटवून, खरपूस भाजून केलेले असले, तरी आटताना पाणी जाते आणि प्रथिने एकवटतात. त्यामुळे लहानसा तुकडाही पुष्कळ दुधाइतका ठरतो. चिकाच्या खरवसापासूनही मुलाला दूरच ठेवावे. तुपात प्रथिने अत्यल्प असतात, तरी फार संवेदनशील मुलासाठी तज्ज्ञांना विचारावे.

गव्हाच्या पिठात मिसळून सुमारे 180 अंशांवर अर्धा तास भाजलेले दूध मात्र, केकच्या रूपात, अनेक मुलांना सोसते, कारण दीर्घ उष्णता आणि पिठातील घटकांशी होणारी बांधणी या दोन्हींमुळे प्रथिने प्रतिकारशक्तीला सहज ओळखता येत नाहीत. मुलाला असा केक सोसतो का, ही चाचणी घरी करू नये. ॲलर्जीतज्ज्ञांच्या देखरेखीखाली, तातडीच्या उपचारांची सोय असलेल्या रुग्णालयातच करावी. तेथे केक सोसला, तर घरी तीच कृती, तेच प्रमाण आणि तोच वेळ पाळावा. मध्यभागी ओलसर राहिलेला केक देऊ नये, आणि केक चालतो म्हणून पेढा किंवा पेलाभर दूधही चालेल असे मानू नये.

बाटलीने दूध पिणाऱ्या बाळासाठी प्रथिनांचे अगदी बारीक तुकडे केलेली विशेष पावडर डॉक्टर सुचवतात. ‘अंशतः’ तुकडे केलेली पावडर त्या जागी वापरू नये.

दुधाचा अंश पोटात गेल्यावर श्वास लागला, आवाज घोगरा झाला किंवा मूल गळून पडले, तर डॉक्टरांनी ॲड्रेनालिन (तीव्र ॲलर्जीवरचे तातडीचे इंजेक्शन) जवळ ठेवायला दिलेले असल्यास ते लगेच मांडीत टोचावे, मुलाला आडवे निजवावे, श्वासाला फारच त्रास होत असल्यास बसते ठेवावे, आणि 108 वर फोन करावा.