सोयाबीनमध्ये जीन घालताय? या चुका टाळा

निळं दिसलं की नाचायला लागू नका. दरवर्षी नवी मुलं येतात, सोयाबीनच्या बीजपत्राच्या सांध्याला ॲग्रोबॅक्टेरियम (झाडात जीन पोचवणारा जिवाणू) लावतात आणि गस या खुणेच्या जीनच्या रंगचाचणीत निळे ठिपके उमटले की आधी मोबाइल काढून फोटो! ही चूक मीही केलेली आहे, म्हणून तिच्यावर माझा जरा जास्तच राग.

पीएचडीचं दुसरं वर्ष, इंदूरची थंडी. एका सकाळी जवळजवळ सगळे तुकडे निळे. त्याच रात्री मी अख्ख्या लॅबला सराफ्यात नेऊन गराडू खाऊ घातले. दुसऱ्या दिवशी सरांनी दोनच गोष्टी विचारल्या: "जिवाणू न लावलेला तुकडा कुठाय? आणि गसमध्ये इंट्रॉन आहे का?" दोन्ही नव्हतं. गस हा मुळात ई. कोलायचा जीन. त्यात इंट्रॉन (प्रथिन बनण्याआधी कापून टाकावा लागणारा तुकडा) नसेल, तर ॲग्रोबॅक्टेरियम स्वतःच थोडंफार निळा रंग देणारं एन्झाइम बनवू शकतं. निळे झाले होते ते माझे जिवाणू; सोयाबीन बिचारं तसंच होतं. इंट्रॉन कापून काढणं जिवाणूला जमत नाही, त्यामुळे मग रंग आला तर तो वनस्पतीच्या पेशीतलाच. आणि न लावलेला तुकडाही निळसर झाला, तर ती झाडाची स्वतःची करामत. रंगाच्या द्रावणात २० टक्के मिथेनॉल घातलं की बरीच दबते.

पीसीआरचंही (जीनच्या प्रती काढून तो आहे का ते बघायची चाचणी) तेच. पानात लपलेले जिवाणूसुद्धा बँड (जीन सापडल्याची जेलवरची पट्टी) देतात. मी प्रत्येक वेळी शेजारी जिवाणूतच राहणाऱ्या, झाडात न जाणाऱ्या वीर-जी जीनचे प्रायमर (तो जीन शोधणारे डीएनएचे छोटे तुकडे) चालवते. तिथे बँड आला की झाडाचं नाव वहीत चढत नाही. जीन बियांतून खरंच उतरलाय का हे बघायला पुढच्या पिढीची वाट पाहायचा मुलांना कंटाळा येतो. आलाच तर येऊ दे.

दुसरा आजार म्हणजे ३५एस. फुलकोबीच्या विषाणूचा, जवळजवळ झाडभर चालणारा हा प्रमोटर (जीन चालू करणारा डीएनएचा तुकडा) प्रत्येक फ्रीझरमध्ये तयार पडलेला असतो, म्हणून जिथे तिथे तोच. अहो, तेल दाण्यात हवंय ना? मग दाण्यात चालणारा प्रमोटर घ्या: मोहरीवंशातला नॅपिन किंवा सोयाबीनचाच बीटा-कॉनग्लायसिनिन. डीएमएच-११ या जीन बदललेल्या मोहरीतला बार्नेज जीन आरएनए कापणारं एन्झाइम बनवतो; तो ३५एसखाली ठेवला असता तर झाड उभंच राहिलं नसतं. तिथे तंबाखूचा टीए२९ प्रमोटर आहे, जो परागकोशाच्या आतल्या थरातच चालतो, म्हणून फक्त पराग मरतात. आणि दाण्याचा प्रमोटर घेतल्यावर पानाचा आरएनए काढून "जीन चालत नाही" म्हणत माझ्याकडे येऊ नका. दाणे भरेपर्यंत थांबा.

एकाच रचनेत (झाडात घालायच्या डीएनएत) ३५एस दोनदा घालू नका; झाड दोन्ही गप्प करू शकतं.

तेलातलं ओलिक आम्ल वाढवायला एफएडी२-१ए हा जीन एकटाच बंद करून भागत नाही, सोयाबीनकडे १बी हा जुळा भाऊ आहे. दोन्ही बंद झाले तर ओलिक २० टक्क्यांच्या आसपासून ८० पर्यंत जातं.

क्यूपीसीआरला (जीन किती चालतो ते मोजणारी चाचणी) डीएनेज, म्हणजे आरएनएत उरलेला डीएनए कापणारं एन्झाइम, वगळू नका. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारं एन्झाइम) न घातलेली नळी दरवेळी ठेवा. आणि तुलनेला ॲक्टिन हा एकच जीन नको: पान, फूल, दाणा यांत तो सारखा चालतोच असं नाही. मी दोन जीन घेते, आणि आधी माझ्याच दाण्यांत तपासून.