छातीतील जळजळ: गोळी कोणती आणि ती केव्हा घ्यावी

सराफ्यातील रात्रीच्या खाऊगल्लीत गराडू (तळलेला कंद) आणि भुट्ट्याचा म्हणजे मक्याचा कीस खाऊन मध्यरात्री घरी परतावे, आडवे होताच आंबट पाणी घशाशी यावे आणि मग पँटोप्रॅझोलची स्ट्रिप शोधावी, हा क्रम इंदूरच्या अनेक मराठी घरांत ठरलेला आहे. या क्रमात गोळी चुकीची नसते, तिची वेळ चुकलेली असते.

पँटोप्रॅझोल, ओमेप्रॅझोल यांसारख्या गोळ्या जठरात आधीच आलेल्या आम्लाचे काहीही करीत नाहीत. आम्ल तयार करणारे सूक्ष्म पंप त्या बंद करतात, आणि तेही पंप चालू असतानाच. हे पंप जेवणाने चालू होतात. म्हणून गोळी सकाळी पोह्यांच्या अर्धा ते एक तास आधी, अनशापोटी, न चावता आणि न फोडता पाण्याबरोबर गिळावी, कारण तिच्यावरचे आवरण तिला आम्लापासून वाचवते. पूर्ण गुण यायला काही दिवस लागतात. आमच्याकडे स्ट्रिप पोह्यांच्या डब्यावरच ठेवलेली असते. डबा काढायचा तर आधी ती उचलावी लागते.

रात्रीच्या जळजळीवर ॲल्युमिनियम व मॅग्नेशियमयुक्त पातळ अँटासिड बाटली हलवून घ्यावे. काही मिनिटांत आराम पडतो, मात्र तो फार वेळ टिकत नाही. मॅग्नेशियमने जुलाब आणि ॲल्युमिनियमने बद्धकोष्ठता होऊ शकते, आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे औषध विचारल्याशिवाय घेऊच नये. थायरॉइडची गोळी आणि अँटासिड यांत किमान चार तासांचे अंतर असावे. फसफसणाऱ्या पुड्यांत सोडियम असते, हे रक्तदाबाच्या रुग्णांनी विसरू नये. आम्ल कमी करणाऱ्या फॅमोटिडीन या दुसऱ्या प्रकारच्या गोळीचा परिणाम सुमारे तासाभरात सुरू होऊन बराच वेळ टिकतो, परंतु रोज घेतल्यास तो ओसरत जातो. जुन्या डब्यात त्याच प्रकारचे रॅनिटिडीन उरले असेल, तर ते 2022 मध्ये देशाच्या आवश्यक औषधांच्या यादीतून वगळले गेले आहे, हे ध्यानात घ्यावे.

शेजाऱ्यांकडून मागून आणलेली डॉमपेरिडोन (मळमळ-उलटीवरील औषध) असलेली कॅप्सूल मात्र घेऊ नये. त्या औषधाने काहींच्या हृदयाची लय बिघडू शकते. पंप बंद करणाऱ्या गोळ्यांचा क्रम सहसा चार ते आठ आठवड्यांचा असतो. त्या वर्षानुवर्षे स्वतःच्या मनाने चालू ठेवल्यास बी-12 आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते, तर एकदम बंद केल्यास आम्ल काही काळ उसळते. त्यामुळे त्या कशा थांबवायच्या, हे डॉक्टरांनाच विचारावे.

औषधाला साथ म्हणून जेवण आणि झोप यांत तीन तास ठेवावेत आणि पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली 15 सेंटिमीटर उंचीचे ठोकळे द्यावेत. नुसत्या उशा वाढवल्याने पोट दुमडते व त्रास वाढतो.

घास अडकणे, काळी शौचास होणे, रक्ताची उलटी किंवा अकारण वजन घटणे, यांपैकी काहीही दिसल्यास गोळी बदलत बसू नये, तपासणी करून घ्यावी. छातीतील कळ हातात किंवा जबड्यात जाऊन घाम फुटला, तर अँटासिडचा गुण येण्याची वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठावे.