माशाच्या मेंदूवरून कीटकनाशकाची बाधा कशी तपासावी

क्लोरपायरीफॉस हे कीटकनाशक माशाच्या अंगात गेलं की यकृतातली विकरं (एन्झाइम) त्याचं ‘ऑक्सॉन’ करतात, आणि ते मूळ औषधापेक्षा जहाल. इथे कार्बॉक्सिलएस्टरेज हे दुसरं विकर मधे पडतं, ऑक्सॉन स्वतःवर झेलतं आणि मेंदूतलं अ‍ॅसिटिलकोलिनएस्टरेज, म्हणजे चेतासंदेश वेळेवर थांबवणारं विकर, वाचवतं. झेलताना ते स्वतः निकामी होतं. साठा सरला की घाव थेट मेंदूवर.

तो घाव एलमन पद्धतीने मोजता येतो: मेंदूतलं हे विकर किती वेगाने काम करतं ते पिवळ्या रंगाच्या वाढीवरून कळतं, आणि निरोगी माशापेक्षा वेग जितका कमी, तितका घाव मोठा. मासा जिवंतच हवा. मुंबईच्या ससून डॉकच्या मासळी बंदरावरचा चालणार नाही, तो बर्फात किती वेळ होता ते कळत नाही. तलावातला रोहू किंवा तिलापिया घ्या, आणि तुलनेला स्वच्छ टाकीतले त्याच जातीचे, त्याच आकाराचे मासे.

मेंदू काढून लगेच बर्फावर ठेवा. ०.१ मोलर, पीएच ८ च्या फॉस्फेट बफरमध्ये घोटा. १ मिली बफरला २० मिलिग्रॅम मेंदू. क्युव्हेटमध्ये (प्रकाशमापकात ठेवायच्या पारदर्शक नळीत) बफर २.६ मिली, घोटलेला मेंदू ०.४ मिली, ०.०१ मोलर डीटीएनबी (थायॉलशी, म्हणजे गंधकाच्या गटाशी, पिवळा रंग देणारं रसायन) ०.१ मिली. ४१२ नॅनोमीटरवरचा प्रकाशशोषणाचा आकडा वाढायचा थांबेपर्यंत धीर धरा, नाहीतर ऊतीतल्याच थायॉलचा पिवळेपणा विकराच्या खात्यावर जमा होतो. मग विकराने फोडायचं सबस्ट्रेट, ०.०७५ मोलर अ‍ॅसिटिलथायोकोलिन आयोडाइड, ०.०२ मिली घालून दर मिनिटाला वाचन घ्या. सबस्ट्रेट आपोआपही थोडं फुटतं, म्हणून मेंदूविना एक ब्लँक (तुलनेची नळी) लावाच, आणि तिचा वेग वजा करा.

मुंबईच्या उकाड्यात सकाळ-दुपारचे आकडे जुळत नाहीत; क्युव्हेटचं तापमान एकच ठेवा. कार्बामेट या दुसऱ्या गटातल्या कीटकनाशकाचा संशय असेल तर घाई करा: त्याची विकरावरची पकड सुटते, आणि रेंगाळलेला नमुना निरोगी दिसतो.