ऑफिसचे कपडे आणि स्वतःची स्टाइल: या चुका टाळा

कपाटात शर्ट ढिगाने असतात, पण आठवडाभर फिरून फिरून चार-पाचच अंगावर चढतात. हे चार-पाच बाहेर काढा आणि बाकीच्यांशी ताडून बघा. फरक बहुतेक वेळा मापात आणि कापडात सापडेल. रंग, ब्रँड, फॅशन यांचा नंबर त्यानंतर लागतो. स्वतःची स्टाइल म्हणजे काहीतरी वेगळं घालणं, असं समजून माणसं खरेदीला निघतात आणि तिथेच गाडी चुकते.

नंबर बघून शर्ट घेणं

आपल्याकडच्या बऱ्याच ब्रँडच्या फॉर्मल शर्टवर ३९, ४०, ४२ असे आकडे असतात. ते कॉलरचं माप आहे, सेंटिमीटरमध्ये. कॅज्युअल शर्टवर तोच ४० हा आकडा छातीच्या इंचांचा असू शकतो. त्यामुळे ‘मला ४० बसतो’ एवढ्या माहितीवर ऑनलाइन मागवलेला शर्ट कधी गळ्याशी आवळतो, कधी अंगावर लोंबतो. घरात जो शर्ट नीट बसतो तो पलंगावर सपाट पसरा, एका काखेपासून दुसऱ्या काखेपर्यंत टेपने मोजा आणि खांदा व बाहीचं मापही लिहून ठेवा. वेबसाइटवरच्या तक्त्याशी हे आकडे जुळवा.

ट्रायल रूममध्ये आधी खांदा बघा. बाहीची शिलाई खांद्याच्या हाडाच्या टोकावर यायला हवी. ती दंडावर उतरली असेल तर शर्ट कितीही महागाचा असो, उसना आणल्यासारखा दिसतो. वरचं बटण लावल्यावर कॉलरमध्ये दोन बोटं सहज जावीत. बाही मनगटाच्या हाडापर्यंत. आणि मग खाली बसा. ऑफिसात दिवसाचे आठ तास आपण बसलेलेच असतो, तरी शर्ट मात्र आरशासमोर ताठ उभं राहून, श्वास रोखून निवडतो. बसल्यावर पोटाजवळ दोन बटणांमध्ये फट पडली तर एक साइझ वरचा घ्या आणि कडेने तो टेलरकडून आत घ्या.

टेलर काय करू शकतो आणि काय नाही, हे माहीत असलं की निम्मे पैसे वाचतात. कडा आत घेणं, पाठीतला फुगा काढणं, बाहीची आणि शर्टची उंची कमी करणं ही सोपी कामं आहेत. खांदा मात्र सहजी दुरुस्त होत नाही, त्यासाठी बाह्या उसवाव्या लागतात आणि बहुतेकदा मूळ बसणी परत येत नाही. म्हणून खांदा बसत नसेल तर शर्ट तिथेच ठेवून या, सेल कितीही मोठा असला तरी.

पँट पोटाखाली बांधणं

पोट सुटलं की माणूस पँट खाली सरकवतो आणि कंबरेचा जुनाच नंबर बसतो म्हणून समाधान मानतो. पण त्याने पोट पट्ट्यावर ओघळल्यासारखं दिसतं, पाय आखूड दिसतात आणि इन केलेला शर्ट तासाभरात बाहेर येतो. बेंबीच्या थोडी खाली, खऱ्या कंबरेवर बसणारी पँट घ्या. नंबर वाढेल, तो वाढू द्या. आतला आकडा कुणी वाचत नाही. पुढे एक प्लेट, म्हणजे कंबरेपाशी घातलेली चुण, असलेली पँट मांडीला आणि बसायला सोयीची असते. प्लेट म्हणजे म्हातारपण, ही समजूत सोडून द्यावी.

उंचीचं माप देताना ऑफिसचे बूट पायात हवेत. चप्पल घालून माप दिलं की पँट बुटांवर गोळा होते. पुढून कापड बुटावर अलगद टेकलं आणि एकच हलकी घडी पडली, की झालं.

आहेरातलं कापड जसंच्या तसं शिवणं

लग्नाकार्यात मिळालेले शर्टपीस-पँटपीस टाकवत नाहीत. ते मला समजतं, त्यात माणसांची माया असते. पण त्यातली बरीच कापडं चकाकणारी, पॉलिएस्टर जास्त असलेली असतात. पीस शिवायला टाकण्याआधी हाताच्या मुठीत दाबा, उजेडासमोर धरा, आणि ऑफिसात हे घालून दिवसभर बसवेल का ते स्वतःला विचारा. नसेल तर ज्याला ते खरंच आवडेल त्याला द्या. कापड सुती किंवा लिनन असेल तर शिवण्याआधी पाण्यातून काढून घ्या, नाहीतर पहिल्याच धुण्यात आटतं. टेलरला शिलाईत थोडी जास्त माया, म्हणजे आतल्या बाजूला जादा कापड, सोडायला सांगा. दोन वर्षांनी वजन वाढलं तर तोच कपडा सैल करता येतो. पहिल्या शिलाईला एकच शर्ट टाका आणि तो दोनदा धुऊन झाल्यावरच उरलेले द्या.

दुसऱ्या हवेतले कपडे

रील्समधला हँडसम माणूस शर्टवर स्वेटर, त्यावर कोट असे थर चढवतो, कारण त्याच्याकडे थंडी असते. मुंबईत ऑक्टोबरमध्ये तेच करून लोकल पकडली तर अंधेरी येईपर्यंत शर्ट पाठीला चिकटलेला असतो. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, पुण्यात जानेवारीची सकाळ स्वेटरची असते आणि दुपारी तोच स्वेटर हातात येतो. तुमच्या शहराचं हवामान आणि तुमचा रोजचा प्रवास हाच स्टाइलचा पहिला आराखडा आहे. दमट हवेत पॉपलिनसारखं पातळ सुती कापड किंवा लिनन, एसीत दिवस जात असेल तर ऑक्सफर्डसारखं थोडं जाड सुती कापड. लिननला सुरकुत्या पडणारच, त्या पडू द्याव्यात. ब्लेझर लागतच असेल तर अस्तर अर्धवट किंवा अजिबात नसलेला शोधा आणि प्रवासात तो हातावर घ्या.

‘सावळ्याला गडद रंग नको’

या एका समजुतीने आपल्या कितीतरी देखण्या मुलांना आयुष्यभर फिकट आकाशी आणि बिस्किटी शर्टांत कोंडलं आहे, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं. गडद हिरवा, मरून, नेव्ही, मोहरीचा पिवळा हे रंग सावळ्या अंगावर उठून दिसतात. सांभाळायचं ते कातडीच्याच छटेजवळ जाणाऱ्या बिस्किटी रंगांपासून, कारण त्यांत चेहरा हरवतो. दुकानातल्या पांढऱ्या दिव्यांखाली रंग ठरवू नका. शर्ट दाराशी नेऊन दिवसाच्या उजेडात हनुवटीखाली धरा.

सगळं एकदम बदलणं

पगारवाढ झाली की एका शनिवारी दहा कपडे घेणारे पुढच्या वर्षी पुन्हा तिथेच उभे असतात. एक राखाडी आणि एक नेव्ही पँट, तीन-चार साधे शर्ट, एक तपकिरी बुटांचा जोड, त्याच रंगाचा पट्टा. हे महिना-दोन महिने घाला. कशावर पुन्हा पुन्हा हात जातो ते बघा आणि त्याच दिशेने एकेक कपडा वाढवा. कुणाच्या हाती बंदगळ्याचा शर्ट लागेल, कुणाच्या खादीचं जाकीट. ऑफिसला चालत असेल तर शुक्रवारी चामड्याच्या खऱ्या कोल्हापुरी घालाव्यात. त्यांना २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे आणि ते महाराष्ट्र व कर्नाटकातल्या ८ जिल्ह्यांना लागू आहे. पावसात मात्र नको, पाण्याने चामडं फुगतं.

बारीकसारीक, पण लगेच दिसणारं

पांढऱ्या शर्टाखाली पांढरा बनियन उठून दिसतो. फिका राखाडी किंवा अंगाच्या रंगाचा, व्ही-गळ्याचा घ्या. मोजे पँटच्या रंगाशी जुळवा. नव्या ब्लेझरच्या बाहीवरचं ब्रँडचं लेबल आणि मागच्या फटीवरचा फुलीचा टाका उसवायचाच असतो. ब्लेझरचं खालचं बटण उघडं ठेवायचं.

काखेतले पिवळे डाग घाम आणि डिओमधल्या ॲल्युमिनियमने पडतात. क्लोरीन ब्लीचने ते आणखी गडद होतात, म्हणून खायच्या सोड्याची पेस्ट लावून अर्धा तास ठेवा आणि मग धुवा. गडद पँटला इस्त्रीने चकाकी येत असेल तर ती उलटी करून, किंवा वरून ओलसर सुती फडकं टाकून इस्त्री करायला इस्त्रीवाल्याला सांगा. भिजलेले बूट हीटरजवळ किंवा उन्हात ठेवू नका. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबा आणि सावलीत वाळवा, बोळे ओले झाले की बदला.